मोहाखालची हजेरी

स्वतःच्याच वर्गात शिरण्याआधी दार वाजवणारा शिक्षक मी आजवर एकच पाहिला. दार म्हणजे तरी काय, एक फळी निखळलेली आणि दुसरी निखळायच्या बेतात. पण गुरुजी त्या उरलेल्या फळीवर टकटक करायचे आणि विचारायचे, "येऊ काय आत?" पोरं एका सुरात "या" म्हणायची. एकदा तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "नका येऊ." गुरुजी बाहेरच थांबले.

"काऊन वं?"

"फळ्यावर चित्र काढून राह्यली मी. पुरं नाई झालं."

हे गृहस्थ चित्र पुरं होईपर्यंत पायरीवर बसून राहिले. मी नवीनच रुजू झाले होते. शेजारच्या खोलीतून, पहिली-दुसरीच्या पोरांसमोर उभी राहून मी हा सगळा तमाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मुख्याध्यापकच असा, तर शाळा कशी असेल!

शाळा जिल्हा परिषदेची, गडचिरोलीच्या जंगलात, दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. पोरं बोटावर मोजण्याइतकी. मी भद्रावतीची. बाबा तिथल्या कारखान्यात होते, आम्ही कॉलनीत राहायचो. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायला बसायचं. अशा शिस्तीत वाढलेल्या मुलीला सरकारने उचलून थेट या माणसाच्या हाताखाली आणून टाकलं. पहिल्याच आठवड्यात मी बदलीचा विचार करू लागले आणि दुसऱ्या आठवड्यात ते गुरुजींना बोलून दाखवलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

"बरोबर हाय तुमचं," गुरुजी म्हणाले. "आई एकटी राहते. दोन बस बदलाव लागते. इथी नेटवर्क नाई. मी तुमच्या जागी असतो तं कालच गेलो असतो."

मी समजूत घालून घ्यायच्या तयारीत होते. हे ऐकून माझाच विरस झाला.

पुढे कळलं की ही त्यांची रीतच होती. गुरुजी मूळचे चिमूरचे. "बेचाळीसच्या लढ्यातल्या गावचं पानी प्यालो, बाई. सरकारशी भांडल्याबिगर जेवन पचत नाई," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. पण भांडायची तऱ्हा जगावेगळी. छप्पर गळतंय म्हणून तालुक्याला पत्र लिहायचं, तर त्याची सुरुवात अशी: 'आपल्या कार्यालयात माणसे कमी आहेत, निधी वेळेवर येत नाही, आमच्यासारख्या अनेक शाळांची छपरे गळत आहेत, हे मी जाणतो.' अर्धं पत्र तालुक्याची बाजू मांडण्यात जायचं. ते वाचून तिथल्या बाबूला इतकं समाधान वाटायचं, की तो पुढचं वाचतच नसे. छप्पर वर्षानुवर्षं गळत राहिलं.

शनिवारी शाळा सुटायच्या आधी कचेरी भरायची. हे नाव पोरांनीच दिलेलं. आठवडाभरातल्या सगळ्या तक्रारी तिथे निघायच्या: कोणी चिंचा पळवल्या, कोणी कोणाला 'अस्वल' म्हटलं. गुरुजींचा नियम एकच. आधी समोरच्याची बाजू सांगायची आणि ती अशी सांगायची, की समोरच्याने म्हटलं पाहिजे, "हाव, मले हेच म्हनाचं होतं." मग आपली सांगायची. "आयकल्याबिगर निकाल नाई," हे वाक्य तर पोरं पाढ्यासारखं म्हणायची. पुष्कळदा दुसऱ्याची बाजू सांगता सांगताच भांडण मिटायचं आणि तक्रार करणारा डोकं खाजवत जागेवर जाऊन बसायचा. गुरुजींवरही खटले व्हायचे. एकदा त्यांनी खिचडीची घंटा उशिरा वाजवली, तर त्यांना आठवडाभर हापशीवरून पाणी आणायची शिक्षा झाली. माझ्यावर कधी खटला झाला नाही, हे माझं नशीब.

या कचेरीपुढे हार न मानलेली एकच व्यक्ती गावात होती. ती म्हणजे बकरीवाली आजी.

आजीच्या बकरीने शाळेची परसबाग फस्त केली. पालक, मेथी, कढीपत्त्याचं रोपटंसुद्धा. पोरं रडकुंडीला आली, आजीला कचेरीत बोलावणं गेलं. आजी आली ती काठी आपटतच. नियमाप्रमाणे तिने आधी पोरांची बाजू मांडायची होती.

"मी काऊन बोलू दुसऱ्याची बाजू?" आजी म्हणाली. "माह्या तोंडात माह्यीच जीभ हाय."

"मंग बकरीची तरी बाजू सांगा, आजी."

"ते बकरीले इचारा!"

शेवटी गुरुजींनीच बकरीची बाजू मांडली. मुक्या जिवाला भूक लागली, समोर हिरवं दिसलं, कुंपणाला भगदाड, पाटी लावली असती तरी बकरी शाळेत गेलेली नाही. इतकी मांडली, की पोरांनी बकरीला सोडून दिलं आणि कुंपण बांधायचं काम गुरुजींवर आलं. आजी खटला जिंकली. पण आपल्या बकरीबद्दल परक्या माणसाने बोलावं, हे तिला आवडलं नाही. तेव्हापासून गुरुजी पूर्व म्हणाले की आजी पश्चिम म्हणायची. गावात लसीकरण असो की बोअर खणायची असो, आजी आधी विचारायची, "गुरुजी काय म्हनते?" आणि त्याच्या उलट बोलायची.

तिची नात आमच्या शाळेत पहिलीत होती. आजीचं आणि नातीचं, दोघींचंच घर.

मार्च लागला की त्या गावाचं घड्याळ बदलतं. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. घरंच्या घरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत जंगलात जातात, पोरंही जातात. शाळा सकाळची केली तरी शाळेत चिटपाखरू नाही. माझ्या आधीचे एक शिक्षक म्हणे महिनाभर रिकाम्या वर्गात पेपर वाचत बसायचे. गुरुजींनी गावाला विचारून, शाळा समितीचा ठराव करून, शाळाच उचलली आणि मोहाखाली नेली. सगळ्यांत मोठ्या झाडाच्या फांदीला फळा टांगला. ते झाड नेमकं आजीचं. तिने आठ दिवस भांडून मग परवानगी दिली.

मला पहिल्या दिवशी काही सुचेना. पहाटेचा गारवा, सगळीकडे तो गोडसर, डोक्यात चढणारा वास आणि पोरं लांबलांबच्या झाडांखाली विखुरलेली. वाघाचा भाग. मागच्याच वर्षी शेजारच्या गावची एक बाई मोह वेचताना गेली होती. मी म्हटलं, "गुरुजी, हजेरी कशी घ्यायची?"

गुरुजींनी दोन्ही हात तोंडाजवळ नेले आणि पहिलं नाव पुकारलं. असं पुकारलं, की मी दोन पावलं मागे सरले. लांबून, झाडांच्या आडून बारीक आवाज आला, "हजरऽऽ!" मग दुसरं नाव. दुसऱ्या दिशेने, "हजरऽऽ!" पाखरं उडत होती, आणि जंगलात कुठे कुठे पोरं असल्याचं कळत होतं. फुलं वेचून झाली, की पोरं चिकट हातांनी फळ्याखाली येऊन बसायची. मग गणित. मधे मधे गुरुजी पुन्हा हजेरी घ्यायचे. मला वाटायचं, हा या माणसाचा आणखी एक छंद.

अशाच एका सकाळी तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी साहेब तपासणीला आले. शाळेला कुलूप. दारावर खडूने गुरुजींचं सुवाच्य अक्षर: 'शाळा मोहाखाली भरली आहे. यावे.' आता बाहेरच्या माणसाला मोह म्हटलं की दारूच आठवते. साहेबांनी आपल्या मनाने काय ते समजून घेतलं, 'शाळा बंद आढळली' असा शेरा मारला आणि गाडी वळवली.

त्याच सुमारास कमी पटाच्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिसळायचं वारं सुरू होतं. आमच्या गावाचं नाव त्यात आलंच. पोरं नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात पाठवायची. कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी. साहेबांच्या नकाशावर ती होतीही, कारण नकाशावर रेघ सरळ जाते. पायवाट मात्र नाला आणि टेकडी सोडून, जंगलातून वळसा घालून जाते. ठिकठिकाणी लोक कोर्टात जात होते, म्हणून साहेबांना गावाचा लेखी होकार हवा होता. ग्रामसभेचा ठराव झाला, की प्रकरण मिटलं.

माझ्यापुरतं सांगायचं, तर शाळा बंद झाली असती तर मी सुटले असते. समायोजनात भद्रावतीच्या बाजूची शाळा मिळायची शक्यता होती. गुरुजींनाही ते ठाऊक होतं. त्या शनिवारी कचेरीत त्यांनी पोरांना सांगितलं, "आज सरकारची बाजू बाई सांगतीन." मी उभी राहिले, मोठी शाळा, कॉम्प्युटर, विषयाला वेगळे शिक्षक, सगळं सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजीची नात उठून म्हणाली, "बाई, तिथी तुमी येनार?" मी म्हटलं, नाही. ती "मंग राहू द्या" म्हणून खाली बसली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे खरं आहे.

ग्रामसभा मोहाखालीच भरली. मोह सरत आला होता, तरी सकाळची वेचणी सोडून लोक गावात यायला तयार नव्हते, आणि साहेबांना दुपारी परत जायचं होतं. त्या गावची आणखी एक रीत अशी, की कोणाच्या झाडाखाली रिकामं बसायचं नाही. बसलात तर त्याची चार फुलं वेचायची. साहेब इस्त्रीच्या पँटीत उकिडवे बसून फुलं वेचू लागले. माणूस वाईट नव्हता. फळा बघून म्हणाले, "अच्छा, हे मोहाखाली होय!" आणि कानापर्यंत लाल झाले.

सभा चालवायचे देवाजीभाऊ, गावातले सगळ्यांत वयस्कर. तिथे हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. एक माणूस जरी नाही म्हणाला, तरी निर्णय नाही. सभेची भाषा गोंडी, आणि साहेबांना ती येईना. देवाजीभाऊंनी गुरुजींना सांगितलं, "साहेब काय म्हनते ते तुमी सांगा."

आणि इथे आमच्या गुरुजींचा घात झाला.

दुसऱ्याची बाजू सांगायची, तर ती जीव ओतून सांगायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. साहेब दोन वाक्यं बोलले, तर गुरुजी गोंडीत दहा बोलले. मोठ्या शाळेत पोरांना खेळायला सोबती मिळतील, एका मास्तराच्या लहरीवर राहावं लागणार नाही, पोरगी पुढे तालुक्याला गेली तर बुजणार नाही, गाडी दारात येईल. गोंडी मला अर्धीमुर्धी कळायची, पण माणसांचे चेहरे कळत होते. माना डोलू लागल्या. एक बाप म्हणाला, चांगलंच आहे की. दुसरा म्हणाला, जाऊ द्या पोरांना. साहेबांची कळी खुलली.

मी गुरुजींना कोपर मारलं. "गुरुजी, आता आपली बाजू सांगा!"

गुरुजी तोंड उघडून तसेच थांबले. मग हळूच म्हणाले, "बाई, आपन या गावचे मतदार नाई. आपल्याले सभेत बोलता येत नाई."

नियम म्हणजे नियम. आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला त्यांचा रागही येईना. ज्या शाळेसाठी या माणसाने फांदीला फळा टांगला, ती त्याने स्वतःच्या तोंडाने जवळजवळ बंद करून टाकली होती. मला तेव्हा बदली नको होती. कोणालाही विचारा, अगदी मनापासून नको होती.

देवाजीभाऊंनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोनाचं बोलाचं राह्यलं काय?"

साहेबांनी कागद पुढे केला.

"थांबा," झाडामागून आवाज आला. आजी टोपली कमरेला लावून उभी होती. "हे गुरुजी म्हनते ना, की पोरं तिकडं पाठवा?"

"तसं नाई आजी, ते साहेबाचं..." देवाजीभाऊ सांगू लागले.

"गुरुजीनंच म्हनलं ना? म्या माह्या कानानं आयकलं. मंग मी नाई म्हनतो."

सगळे हसले. गुरुजींनी मराठीत सांगितल्यावर साहेबसुद्धा हसले आणि म्हणाले, "आजी, नुसतं नाही म्हणून कसं चालेल? कारण सांगा."

आजी हसली नाही. टोपली खाली ठेवून ती साहेबांच्या पुढ्यात येऊन बसली आणि मराठीत बोलली. "माह्ये झाडं दोन हाय. एक इथी, एक तिकडं खाली. मी इकडं वेचतो, माह्यी नात तिकडं वेचते. मले दिसत नाई चांगलं. वाघ फिरून राह्यला. हा मास्तर पोरीचं नाव घेते. ते 'हजर' म्हनते. मले कळते, हाय माह्यी पोरगी. थोड्या वेळानं हा पुन्हा नाव घेते, ते पुन्हा म्हनते. तवर माह्ये हात चालते." तिने आजूबाजूला पाहिलं. "इथल्या साऱ्या बायाइचे हात तवरच चालते. इचारा."

कोणालाही विचारायची गरज नव्हती. बायका खाली बघत होत्या.

"तुमची शाळा चांगली असन, साहेब," आजी म्हणाली. "पर त्या शाळेतली हाजरी मले इथी आयकू येईन काय?"

साहेबांच्या मुठीत फुलं होती. ती त्यांनी सावकाश आजीच्या टोपलीत टाकली. "नाही येणार, आजी," ते म्हणाले.

एकमत मोडलं. बाप लोकांनीही माना हलवून आपले शब्द परत घेतले. साहेबांनी कोऱ्या कागदावर गावाची हरकत लिहून घेतली, आणि जाता जाता जुन्या शेऱ्याखाली 'शाळा मोहाखाली सुरू आढळली' असं लिहून सही केली. यादीतून नाव गेलं असं काही मी म्हणत नाही, ती यादी दर वर्षी नवीन निघते. पण त्या वर्षी शाळा राहिली, आणि आजही आहे.

परतताना गुरुजी म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी हजेरी पोरांसाठी घेऊन राह्यलो होतो. ऐकून कोन राह्यलं ते कधी इचारलंच नाई." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "कायद्यातलं एक किलोमीटर म्हंजे आजीचा कान. आता समजलं." ते आजीचे आभार मानायला गेले, तर तिने त्यांना बकरीच्या गोठ्यातून हाकलून दिलं.

मग कोर्टाचा निकाल आला, की जुन्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा द्यायची. तालुक्यात हाहाकार उडाला. गुरुजी मात्र खुश. "कायद्यानं या वयात आपल्याले विद्यार्थी केलं!" ते रोज चौथीच्या पोरांकडून प्रश्न विचारून घ्यायचे आणि चुकले की आपण होऊन बाकावर उभे राहायचे. आजी कुंपणावरून बघायची आणि म्हणायची, "बसू देऊ नोका रे त्याले."

माझी बदली नेहमीच्या फेरीत झाली, भद्रावतीच्या बाजूलाच. शेवटच्या शनिवारी मी कचेरीत उभी राहिले. पोरांनी नियमाप्रमाणे आधी माझी बाजू मांडली. बाईची आई एकटी राहते. बाईले दोन बस बदलाव लागते. बाईले रात्री इथी भेव लागते. इतकी नीट मांडली, की त्यांची स्वतःची बाजू ऐकायची माझ्यात ताकदच उरली नाही. मी ढसाढसा रडले. गुरुजींनी त्या दिवशी पहिल्यांदा निकाल न देता कचेरी उठवली.

परवा सकाळी मी चंद्रपूरच्या बसमध्ये होते, मीटिंगला निघालेली. फोन वाजला. गुरुजी. आता त्या गावाला जरासं नेटवर्क येतं म्हणे, आणि तेही नेमकं आजीच्या झाडाखाली. "बाई, बोलू नोका, आयका फक्त," ते म्हणाले. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकून लांब धरला आणि ती हाक आली. एक नाव. लांबून "हजरऽऽ!" दुसरं नाव, आणखी लांबून "हजरऽऽ!" आजीच्या नातीचा आवाज मी लगेच ओळखला, आता चांगला खणखणीत झालाय. सगळी नावं संपली. मी फोन ठेवणार, तेवढ्यात गुरुजींनी तितक्याच जोरात माझंही नाव पुकारलं.

मी भर बसमध्ये उभी राहून ओरडले, "हजर!"

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, चंद्रपूर दूर आहे अजून, बसा." मी बसले. फोनमधून बकरीचं ओरडणं आलं, आणि त्याच्याही वरून आजीचा आवाज, "आयकू आलं वं, आयकू आलं!"